दोरा आणि सरी

छांदोग्य उपनिषदात आरुणी श्वेतकेतूला मातीच्या गोळ्यावरून समजावतो की घट हा नाममात्र विकार असून सत्य काय ती मातीच; परंतु मावशीने माझ्या हाती क्रोशाची सुई देऊन, ‘खांब’ नावाच्या टाक्यांच्या ओळीत टाक्याचे दोन्ही धागे न उचलता केवळ मागचाच उचलावयास सांगितले आणि त्याच जुन्या खांबांतून आडव्या सरी उमटल्या, तेव्हा ती ‘नाममात्र’ सर बोटाला चांगलीच लागत होती. दोऱ्यात भर नाही, टाकाही तोच. मग हे नवे आले कोठून? सांख्य म्हणतील, कार्य कारणात होतेच. तसे असेल तर माझ्या चुकाही त्याच गुंडीत दडल्या होत्या म्हणावयाच्या! मावशीने या मामल्याचा निवाडा केला नाही. तिने टोक ओढले, ओळ सरसर उसवली आणि मांडीवर दोरा उरला, प्रत्येक टाक्याचे वळण अजून धरून राहिलेला.