बांधावरची हराळी

अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, म्हणून भोवतीच्या शिवारात जिकडे पाहावे तिकडे ऊस. त्या शिवारात एक आजा आणि त्याचा नातू शेती करीत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले की चारीतून ते त्यांच्या बांधाला लागून वाहायचे.

बांधावर हराळी दाट माजली होती. नातवाला ती डोळ्यांत सलायची. "आबा, मारून टाकू का हिला? उसाचं खत खाती."

"उसात आली तर खुरप. बांधावरची राहू दे," आबा म्हणाले.

आबा लेकीच्या गावी गेले, तशी नातवाने पंप पाठीला लावला आणि सगळ्या बांधावर तणनाशक मारले. थोड्याच दिवसांत हराळी वाळली. मुळ्यांनी आवळून धरलेली माती भुसभुशीत झाली आणि घुशीने बिळे पाडली. पुढच्या पाळीला पाणी आधी बिळातून झिरपले, मग बिळाचे भगदाड झाले. सकाळी खोडव्यात गुडघाभर पाणी होते.

त्याच वर्षी गाळप हंगामात नातू उसाच्या ट्रॅक्टरवर राहिला. घरची भाकरी सुटली. टपरीवरचा चहा, खारी, वडापाव यांवर दिवस निघायचा. पोट बिघडले की मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्यायचा, जुलाब थांबले की उरलेल्या खिशात. हंगाम सरला, पण पोट काही जागेवर येईना. आबांनी त्याला अंबडला दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासले, काय खातोस, काय घेतोस, सगळे विचारले आणि म्हणाल्या, "आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, वर बुळबुळीत चिकट द्रवाचा लेप असतो. अन्नरस आत जावा आणि जंतू बाहेर राहावेत, ही त्याची राखण. आतड्यातले चांगले जिवाणू भाकरी-डाळीतला चोथा खाऊन ब्यूटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावर पोसतात. चोथा मिळाला नाही की जिवाणू तो लेपच खायला लागतात. वर तू मनाने गोळ्या घेतल्यास, त्यात चांगले जिवाणूही मेले. मोकळ्या जागेत वाईट जिवाणूंचं फावतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्यांचं विष तर पेशींचे सांधेच सैल करतं. मग जंतूंचे अंश रक्ताकडे झिरपतात आणि आत सूज धरते."

नातू जरा वेळ खाली पाहत राहिला. "म्हणजे मी हराळीच मारली."

"अन् घूस राहिली," आबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना बांधाची गोष्ट ठाऊक नव्हती. आबांनी सांगितली, तशा त्या हसल्या. "बांधापेक्षा तुझं नशीब बरं. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. डागडुजी शरीर करतं, तू आड येऊ नकोस. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी खा, पण एकदम नको, हळूहळू वाढव. गोळी लागली तर मी देईन, आणि दिलेली पुरी घ्यायची."

नातवाने दोन्ही कामे धरली. डबा पुन्हा घरून जाऊ लागला. बिळे माती ठोकून बुजवली आणि शेजारच्या बांधावरून हराळीच्या काड्या आणून ओल्या मातीत खोचल्या. बांध हिरवा व्हायला पुढचा पावसाळा लागला. पोट त्याच्या आधीच सुधारले.

तात्पर्य : राखणदाराला उपाशी ठेवले किंवा मारले, तर चोराला कुलूप तोडावे लागत नाही. शत्रूवर औषध उगारण्याआधी ते आपल्यांवर तर पडत नाही ना, हे पाहावे.