मोहल्ल्यात बसणारी पालिका

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. जवळपास 40 माणसे दगावली, त्यांत लहान मुले बरीच होती. त्याआधी चार वर्षांपूर्वी, 2016 च्या पावसाळ्यात, गैबीनगर आणि हनुमान टेकडी येथे आठवड्याच्या अंतराने इमारती पडल्या होत्या. जिलानीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेला जाब विचारला.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एक प्रश्न हमखास येतो: धोकादायक ठरलेल्या इमारतीत लोक राहतातच कशाला? मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. तो मेलेल्या माणसाकडे उत्तर मागतो. खरे उत्तर ज्यांच्याकडे मागायला हवे, ते कोण आणि त्यांना गाठायचे कुठे, हा भिवंडीपुढचा मूळ प्रश्न आहे.

निजामपुरा, गैबीनगर, शांतीनगर या वस्त्यांत गरिबी आपोआप साचलेली नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग आणले, पुढे यंत्रमाग आले, तेलंगणातले पद्मशाली विणकर आले. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडल्या आणि त्यांचे कापड भिवंडीच्या मागांवर विणले जाऊ लागले. 1981 ते 1991 या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 15 हजारांवरून पावणेचार लाखांवर गेली. गिरणी कामगाराला हजेरीपट होता, भविष्यनिर्वाह निधी होता, युनियन होती. भिवंडीच्या मागावरच्या कामगाराला यातले फारसे काही मिळाले नाही. मजुरी मीटरवर, पाळी 12 तासांची, जेवण भिसीत, म्हणजे सामायिक खानावळीत, आणि झोप दाटीवाटीच्या खोलीत. उद्योग मुंबईहून आला, पण त्याबरोबर यायला हवे होते ते हक्क वाटेतच गळाले.

त्यात भीतीची भर पडली. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीदरम्यान हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली आणि तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाच्या पक्षपातावरही कठोर ताशेरे ओढले. मे 1984 मध्ये पुन्हा रक्त सांडले. दंगलीनंतर माणूस स्वस्त घर शोधत नाही, आपल्या माणसांजवळचे घर शोधतो. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 7 लाखांवर होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक मुसलमान होते. एका जागी इतकी माणसे आणि बाहेर पडायला भीती, म्हणून आहे त्याच भिंतींवर मजले चढले.

या वाढीला आवर घालणे, पाणी-गटारांची सोय करणे आणि जुन्या इमारतींची तपासणी करणे पालिकेचे काम होते. 30 वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी, असे महानगरपालिका अधिनियम सांगतो. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा निघतात. घर खाली करा, एवढेच त्यांत असते. जायचे कुठे, हे नसते. भाडेकरूने अनामत म्हणून दिलेले पैसे मालकाकडे अडकलेले असतात आणि सोडलेल्या घरावरचा हक्क परत मिळेल याची खात्री नसते. नोटिशीमुळे कार्यालयाची फाइल पूर्ण होते. रहिवाशाच्या डोक्यावरचा स्लॅब मात्र तसाच राहतो.

पालिकेची तिजोरी रिकामी आहे, हे खरे. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, आता राज्याच्या अनुदानावर मदार आहे. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यातली प्रचंड गोदामे भिवंडीच्या नावाने ओळखली जातात, पण ती ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत आणि तिथले नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे. म्हणजे संपत्ती हद्दीबाहेर आणि दाटी हद्दीत. तरीही पैशाची कमतरता हे उत्तर न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

लोकांनी मत देऊन उत्तर मागण्याचाही प्रयत्न केला. 2017 च्या निवडणुकीत 90 पैकी 47 जागा काँग्रेसला मिळाल्या. डिसेंबर 2019 मध्ये त्याच पक्षाचे 18 नगरसेवक फुटले आणि महापौरपद दुसऱ्या आघाडीकडे गेले. जून 2022 मध्ये मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सात लाखांहून अधिक लोकांच्या शहरात गटार तुंबले तर जाब विचारायला निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची कहाणी इथे आठवते. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले, गरिबीने पिचलेले ते शहर राज्य सरकारने नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकाच्या ताब्यात होते. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला गेला आणि नळातून शिसे मिसळलेले पाणी आले. रहिवासी गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले. त्यांचे कोणी मनावर घेतले नाही. 2017 मध्ये मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने या अनर्थाच्या मुळाशी वंशभेदाची दीर्घ परंपरा असल्याचे नमूद केले. तिथे वंश, इथे धर्म आणि जात. यंत्रणा सारखीच चालते: ज्यांचा आवाज आधीच कमजोर, त्यांच्या वस्तीत राज्यकर्त्याला उत्तर देण्याची गरज सर्वात कमी भासते.

यावरचा उपाय भिवंडीनेच एकदा देशाला दाखवला आहे. 1984 नंतर इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी साधे रहिवासी, दोन्ही धर्मांचे, आणि त्यांच्यासमोर त्या भागाचा पोलीस, अशी बैठक नियमित होऊ लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. 5 जुलै 2006 रोजी कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून उसळलेल्या हिंसेत पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हाती दोन पोलीस मेले. ती बैठक सैल पडल्याची किती किंमत पडते, ते त्या दिवशी दिसले.

या समित्यांचे यश सलोख्याच्या भाषणांत नव्हते. ठरलेल्या अधिकाऱ्याला ठरलेल्या वस्तीसमोर, ठरलेल्या दिवशी बसावे लागत होते, म्हणून त्या चालल्या. हीच रीत इमारत, पाणी आणि गटाराला का लावू नये? 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या, महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूदही केली. निजामपुऱ्यात दर महिन्याला क्षेत्रसभा भरावी. तिथे वस्तीतल्या धोकादायक इमारतींची यादी मराठीत आणि उर्दूत वाचली जावी, प्रत्येक इमारतीसमोर जबाबदार अभियंत्याचे नाव असावे, आणि पर्यायी निवारा व परतीच्या हक्काचे लेखी पत्र दिल्याशिवाय घर खाली करण्याची नोटीस पूर्ण झाली असे मानू नये. हद्दीबाहेरच्या गोदामांच्या उत्पन्नातला वाटा त्यांच्या कामगारांना सामावून घेणाऱ्या शहराला मिळावा, अशी मागणी याच सभेतून मंत्रालयात जावी.

गरिबी हटवायला पिढ्या लागतील. उत्तर द्यायला अधिकाऱ्याने मोहल्ल्यात येऊन बसणे हे मात्र पुढच्या महिन्यातही सुरू होऊ शकते. पोलिसांना जे 1980 च्या दशकाच्या शेवटी जमले, ते पालिकेला आज जमत नसेल, तर ते तिला करायला लावणे हे आपणा सर्वांचे काम आहे. निजामपुऱ्यात राहणाऱ्यांचे तर आहेच, आणि त्या मागांवर विणलेले कापड अंगावर घालणाऱ्या आपलेही आहे.