अनिकेतांची कुरकुर

पडघ्याच्या आकाशात विमानांपेक्षा तारा जास्त. चंद्रपूरहून निघालेली उच्चदाबाची वीजवाहिनी साडेसातशे किलोमीटरचा पल्ला मारून इथल्या केंद्रात उतरते. खाली मुंबई-आग्रा महामार्ग, दोन्ही अंगांना गोदामं, कंटेनरच्या रांगा. या गावाचा हवाई दलाशी तसा थेट संबंध नाही. पण सैनिकांनी राहून सोडलेल्या जागा बघायला निघायचं, तर भिवंडी तालुक्यातला हा नाका फार सोयीचा आहे. बापगाव-गांधारीवरून कल्याणला उतरलं की पुढे मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीची धावपट्टी लागते, दुसऱ्या महायुद्धातली. तिच्या शेजारी उल्हासनगर, म्हणजे पूर्वीचा कल्याण कॅम्प. महामार्गानेच उलट दिशेला कसारा घाट चढलं की देवळालीची छावणी, आणि नाशिक ओलांडलं की ओझरचा विमान कारखाना.

या पट्ट्यात निवृत्तीनंतर स्थायिक झालेले माजी वायुसैनिक एकत्र बसले, की बोलणं पहिल्या पाच मिनिटांत जुन्या पोस्टिंगवर जातं, आणि सुरुवात तक्रारीनेच होते. राजस्थानातल्या उत्तरलाईचा उन्हाळा, त्यात क्वार्टरमधला पंखा बंद. आसामातल्या छबुआचा पाऊस, कपडे आठ-आठ दिवस ओले. क्वार्टरच्या यादीत नंबर वर सरकायचा आणि नेमकी तेव्हाच बदली यायची. एमईएसकडे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम-दुरुस्ती खात्याकडे, गळक्या नळाची तक्रार नोंदवली, तर माणूस यायचा पुढच्या कुटुंबाच्या काळात. मेसमधल्या डाळीबद्दल तर प्रत्येकाकडे एक स्वतंत्र अध्याय असतो. मग कोणीतरी मध्येच म्हणतं, ‘पण पोरगी सायकल शिकली ती तिथेच, हँगरमागच्या रस्त्यावर.’ आणि बाकीचे गप्प होतात.

बाहेरच्या माणसाने मात्र या सुरात सूर मिसळू नये. जात्यावर बसून सासरचा पाढा वाचणारी बाई शेजारणीने सासूला नाव ठेवलं तर उसळून उठायची, तोच हा प्रकार. मिग-२१ या विमानाला वर्तमानपत्रांनी ‘उडती शवपेटी’ म्हटलं. ओझरच्या कारखान्यात बनलेल्या या विमानांतल्या खोड्या आणि अपघातांत गेलेले सोबती वैमानिकांइतके कोणाला ठाऊक असणार? तरी ते बिरुद त्यांना झोंबायचं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला या विमानाचा निरोप झाला, तेव्हा पांढऱ्या केसांचे कितीतरी वैमानिक मुद्दाम तिथे आले होते.

इथे एक जुना प्रश्न उभा राहतो. माणूस ज्याची आठवण काढतो त्याचीच निंदा का करतो? आणि धर्मविचाराच्या दृष्टीने ही कुरकुर म्हणजे दोष, की आणखी काही?

गीतेचं उत्तर सरळ आहे. बाराव्या अध्यायात आवडत्या भक्ताची लक्षणं सांगताना कृष्ण एकाच श्लोकात चार गोष्टी ओवतो. भक्त निंदा आणि स्तुती सारखीच मानतो, मौन पाळतो, मिळेल त्यात समाधानी असतो आणि तो अनिकेत असतो. घर नाही, असलं तरी त्याच्यावर जीव नाही. आता यात वीस वर्षांच्या सेवेवर २०२२ पूर्वी भरती झालेला वायुसैनिक बसवून पाहा. अठरा-वीस वर्षांचं पोरगं बेळगावजवळच्या सांबऱ्याला प्रशिक्षणाला जातं. त्या क्षणापासून पुढची वीस वर्षं दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलतं, आणि चाळिशीच्या आसपास सगळंच सुटतं. अनिकेतपण त्याला हुकमाने मिळतं, चार लक्षणांपैकी एक त्याला सरकार देतं. उरलेली तीन त्याच्याकडे औषधालाही नसतात. मौनी तर तो मुळीच नाही.

गंमत अशी, की याच हवाई दलाचं ब्रीदवाक्य गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकातून घेतलेलं आहे. आकाशाला भिडणारं, तेजाने झळकणारं असं विश्वरूपाचं वर्णन त्यात आहे, आणि दलाच्या चिन्हावर ते शोभतंही. पण तो श्लोक पूर्ण वाचला तर अर्जुन लगेच सांगतो, की हे बघून माझ्या जिवाचा थरकाप होतो आहे, मला ना धीर उरला आहे ना शांती. म्हणजे स्तुती आणि गाऱ्हाणं एकाच श्लोकात. दलाने स्तुतीचा भाग बोधचिन्हावर घेतला, गाऱ्हाण्याचा भाग बराकीत राहिला.

अनिकेतांच्या कुरकुरीचा दाखला याच वाटेवर बराकींहून जुना आहे. पडघा-कल्याण परिसरातच आडबाजूला लोनाडचं बौद्ध लेणं आहे. भिक्खू पावसाळ्यात अशा ठिकाणी राहायचे आणि वर्षावास संपला की निघायचे. लेणं कोणा एकाचं नसायचं. कार्ले-नाशिकच्या शिलालेखांत दान मिळतं ते चारी दिशांच्या संघाला. मालकी नाही, मुक्काम तात्पुरता, वर वरिष्ठांची शिस्त. बराकीहून हे फार वेगळं नाही. मग इथे तरी कुरकुर नसावी? विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. राजगृहात संघाच्या निवासाचं वाटप त्याच्याकडे होतं, म्हणजे आजच्या भाषेत क्वार्टर वाटणारा अधिकारी. माणूस चोख. सूत्रं म्हणणाऱ्यांना सूत्रवाल्यांजवळ जागा देई, ध्यानवाल्यांना ध्यानवाल्यांजवळ, आणि गप्पिष्टांना गप्पिष्टांजवळ. रात्री उशिरा कोणी आलं तर स्वतःचं बोट पेटवून त्या उजेडात वाट दाखवी. ते पाहायला मिळावं म्हणून काहीजण मुद्दाम उशिरा येत आणि लांबची जागा मागत. तरीही मेत्तिय आणि भुम्मजक या गटातल्या नवख्या भिक्खूंना वाटलं, की आपल्या वाट्याला निकृष्ट खोली आणि निकृष्ट जेवणच येतं. कुरकुरीचं वैर झालं, वैरातून दब्बावर खोटा आरोप, आणि बुद्धाला चौकशी करून खोट्या आरोपाविरुद्ध नियमच घालावा लागला. संसार सोडून आलेल्यांचीही खोलीवरून भांडणं झाली, हे विनयाने झाकून ठेवलं नाही, हा त्या ग्रंथाचा मोठेपणा.

म्हणजे अनिकेत झाल्याने तक्रार जात नाही. वारकरी परंपरेने तर ती घालवायचा प्रयत्नही केला नाही. नामदेव विठ्ठलाशी भांडतो, जनाबाई त्याला एकेरीवर येऊन शिव्या घालते, आणि आपल्यापुरता देव मेला असं म्हणण्यापर्यंत तुकोबांची मजल जाते. हे सगळं भक्तिवाङ्मयात मानाने बसलेलं आहे. कीर्तनकार ते रंगवून सांगतात आणि श्रोते खूश होतात, कारण परक्याशी असं भांडता येत नाही हे त्यांना ठाऊक असतं. या कसोटीवर उत्तरलाईच्या पंख्याला नाव ठेवणारा सार्जंट मौनी योग्यापेक्षा नामदेवाच्या जवळचा ठरतो. त्या जागेवर त्याचा हक्क कधीच नव्हता, परत तिथे राहायला मिळेल अशी आशाही नाही. मालकीवाचून उरलेलं ममत्व आहे ते. गीतेच्या मापाने ते उणं भरेल, पण त्याला लोभ म्हणता येणार नाही.

फाळणीने तर काहींची परत जाण्याची वाटच बंद केली. हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोडला उभी राहिली, चार वापिटी विमानांवर. आज तो पाकिस्तानी हवाई दलाचा फैसल तळ आहे. सुरुवातीच्या पिढीने जिथून उड्डाणं केली, जिथल्या धुळीला नावं ठेवली, तिथे निवृत्तीनंतर सहकुटुंब जाऊन ‘ही बघ माझी खोली’ म्हणायची सोय त्यांना उरली नाही.

पण प्रत्येक कुरकुर भक्ती असते असं मानणंही भाबडेपणाचं. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या तळांवरून ब्रिटिश हवाई दलाच्या शिपायांचा संप सुरू झाला आणि हिंदुस्थानभरच्या तळांवर पसरला. जेवण वाईट, राहणी वाईट, आणि युद्ध संपूनही घरी पाठवत नाहीत, ही तक्रार. महिन्याभराने १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवणावरूनच काम बंद केलं, त्याचा उठाव झाला आणि मुंबईतले हिंदी वायुसैनिकही त्यांच्या बाजूने संपावर गेले. तीच डाळ, तीच कुरकुर, पण इथे ती न्यायाची मागणी होती. ‘तितिक्षा बाळगा, निमूट सोसा’ असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर ते सांगणं साहेबाच्याच सोयीचं झालं असतं.

ब्रिटिशांच्या आठवणींत हा भेद पुसट होतो. देवळालीच्या छावणीत मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत सडलेल्या गोऱ्या शिपायांची कुरकुर पुढे करमणूक झाली. जिमी पेरी स्वतः देवळालीच्या तोफखान्यात नाटकं करत असे. त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्या दिवसांवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका लिहिली, आणि बीबीसीवर ती १९७४ ते १९८१ चालली. चित्रीकरण इंग्लंडात. मुख्य हिंदी पात्र तोंडाला रंग फासलेल्या गोऱ्या नटाने केलं. नाशिककराला त्यात देवळाली सापडायची नाही. सापडतं ते उन्हाला शिव्या देत उन्हाचीच आठवण काढणाऱ्या शिपायांचं देवळाली, आणि त्यात इथली माणसं फक्त चहा आणतात, पंखा ओढतात.

नेवाळीला हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. १९४२-४३ मध्ये ब्रिटिश सरकारने धावपट्टीसाठी इथल्या गावांची सोळाशेहून अधिक एकर जमीन घेतली. युद्ध संपल्यावर ती परत मिळेल असं सांगितलं होतं, हे शेतकऱ्यांच्या घरांत तीन पिढ्या सांगितलं जातं. सरकारी बाजू अशी, की जमीन संरक्षण खात्याची आहे आणि ती नौदलाकडे आहे. मधल्या काळात शेतकरी तिथे भात लावत राहिले. नौदलाने कुंपणभिंतीचं काम काढलं, आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटलं. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलिसांनी छर्रे झाडले, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. जाळपोळीचं समर्थन कोणी करू नये. पण ज्याचं शेत धावपट्टीखाली गेलं त्याची तक्रार आणि ज्याची तिथून बदली झाली त्याची तक्रार एका तागडीत घालता येत नाहीत. वैमानिक उडून गेला. शेतकरी कुंपणाबाहेर उभा राहिला.

त्याला अनिकेत व्हायचा उपदेश करायला आपला समाज भलताच तत्पर असतो. ‘सगळं इथेच राहायचं आहे, बरोबर काय न्यायचंय?’ हे वाक्य भूसंपादनाच्या नोटिशीबरोबर ऐकलेले लोक ठाणे-रायगड पट्ट्यात थोडे नाहीत. अनासक्ती ही स्वतःच्या मर्जीने सोडणाऱ्याची गोष्ट आहे. दुसऱ्याचं काढून घेताना तिचं नाव घेणं हा धर्म नव्हे, लबाडी आहे. गीता ज्याला सांगितली गेली त्याचं राज्यही काढूनच घेतलेलं होतं, आणि कृष्णाने त्याला ते सोडून दे असं सांगितलं नाही.

शेजारच्या उल्हासनगरने याला आणखी एक वळण दिलं. युद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीला उल्हासनगर असं नाव दिलं. सैनिकांनी जिला तात्पुरती म्हणून शिव्या दिल्या, तीच बराक या कुटुंबांना कायमचं घर झाली. शहराचे पत्ते आजही बराक नंबरांनी लिहिले जातात. त्या घरांतही कुरकुर आहे: पाणी, गळती, अरुंद गल्ल्या. पण ती घरमालकाची कुरकुर आहे, पाहुण्याची नाही.

आता काळ थोडा उरला आहे. नेवाळीची जमीन गेली तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदी ओलांडून गेलेलं आहे. १९६५ आणि १९७१ ची युद्धं तळांवरून पाहिलेले वायुसैनिकही ऐंशीच्या घरात आहेत. तळांचे अधिकृत इतिहास लिहिले जातात, त्यात स्क्वाड्रनची नावं, सेनापतींच्या भेटी आणि पदकं येतात. गळका नळ येत नाही, शेताचा बांध तर नाहीच. कल्याण, भिवंडी, पडघ्याच्या घरांत असं कोणी म्हातारं माणूस असेल, मग ते गणवेशातलं असो की धोतरातलं, तर त्याच्यापाशी बसून ते सांगेल तसं लिहून घ्यावं. तक्रारी गाळू नयेत, आणि मध्येच अध्यात्म सांगू नये. जमिनीचा सर्व्हे नंबर आठवत असेल, तर तो आधी टिपून ठेवावा.