सातबाऱ्यापेक्षा मोठे खरेदीखत

जून 2020 मध्ये आठ दिवसांच्या आत कोरोनावरच्या औषधांच्या तीन घोषणा झाल्या. 16 तारखेला ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सांगितले, की डेक्सामेथासोन या जुन्या आणि स्वस्त औषधाने प्राणवायू लागलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात. 20 तारखेला मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने फॅविपिराविरची गोळी ‘फॅबिफ्लू’ नावाने बाजारात आणली आणि सौम्य ते मध्यम आजारात 88 टक्क्यांपर्यंत सुधारणा दिसते असे जाहीर केले. 23 तारखेला हरिद्वारला पतंजलीने ‘कोरोनिल’ आणले आणि सांगितले, तीन दिवसांत 69 टक्के आणि सात दिवसांत 100 टक्के रुग्ण बरे. आपल्याकडे कोकणात तेव्हा मुंबईहून आलेले चाकरमानी गावच्या शाळांत दिवस मोजत बसले होते आणि कणकवलीच्या औषधांच्या दुकानांत लोक ‘ते टीव्हीवर दाखवलेले’ मागत होते. तिन्ही घोषणांच्या पाठीशी कुठला ना कुठला अभ्यास होता. कुणीही हवेतून आकडे काढले नव्हते. तरी तिघांपैकी एकच घोषणा आपल्या अभ्यासाच्या मापाची होती. जमीन विकताना सातबाऱ्यावर जेवढे क्षेत्र असते तेवढेच विकता येते. दहा गुंठ्यांचा सातबारा दाखवून एकराचे खरेदीखत करणाऱ्याला तो सातबारा खरा होता एवढ्यावर कुणी सोडत नाही. औषधाच्या जाहिरातीत मात्र आपण त्याला सहज सोडतो.

आधी मापात राहिलेला दावा पाहू. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत 2104 रुग्णांना डेक्सामेथासोन दिले आणि 4321 रुग्णांवर नेहमीचे उपचार केले. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मनावर ठेवले नव्हते, चिठ्ठी टाकावी तसे ते ठरले. मोजायची गोष्ट एकच होती: 28 दिवसांत किती जण दगावले. कृत्रिम श्वासयंत्रावरच्या रुग्णांत औषधाच्या गटात 29.3 टक्के, दुसऱ्या गटात 41.4 टक्के. नुसता प्राणवायू लागलेल्यांत 23.3 आणि 26.2. प्राणवायू न लागलेल्यांत मात्र आकडे उलटे होते, औषध घेतलेल्यांत 17.8 आणि न घेतलेल्यांत 14. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही एवढे नक्की. आणि संशोधकांनी पहिल्याच दिवशी हे सांगून टाकले, की ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना या औषधाचा लाभ दिसलेला नाही. आपल्या शोधाचे क्षेत्र स्वतःच आखून, ‘याच्या पुढे आमचे नाही’ असे म्हणण्याला प्रामाणिकपणा लागतो.

फॅबिफ्लूचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणून अधिक शिकवणारे. आधी ते 88 टक्के. जपानमध्ये फॅविपिराविर घेतलेल्या सौम्य रुग्णांच्या नोंदींत 14 दिवसांनी साधारण तेवढ्या लोकांत सुधारणा दिसली होती, पण त्या नोंदींत औषध न घेतलेल्यांचा गटच नव्हता. सौम्य कोरोना झालेले बहुतेक लोक दोन आठवड्यांत आपोआपच सुधारतात. मग 88 पैकी किती औषधाचे आणि किती निसर्गाचे, हे त्या आकड्यातून कळायला मार्गच नाही. पुढे कंपनीने भारतात सात केंद्रांवर 150 रुग्णांची चाचणी केली, तीत तुलनेचा गटही ठेवला. मुख्य मोजमाप काय असणार हे रीतसर आधी ठरले होते: शरीरातून विषाणू जायला किती दिवस लागतात. उत्तर आले, औषधाच्या गटात 5 दिवस, दुसऱ्या गटात 7. दोन दिवसांचा फरक कानाला बरा वाटतो, पण औषधाचा काहीही परिणाम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात साधारण 13 वेळा निव्वळ योगायोगाने दिसला असता. वैद्यकशास्त्र ही शक्यता शंभरात पाचाच्या खाली असल्याशिवाय फरक मानत नाही. म्हणजे ज्या प्रश्नासाठी चाचणी उभी केली होती, त्याचे उत्तर ‘सिद्ध झाले नाही’ असे आले. दुसऱ्या एका मोजमापात, ताप-खोकल्यासारखी लक्षणे जायला लागलेल्या काळात, 3 दिवस विरुद्ध 5 दिवस असा फरक आला आणि त्याची ही योगायोगाची शक्यता शंभरात पाचाच्या खाली होती. कंपनीच्या प्रसिद्धीत हाच फरक ‘40 टक्के लवकर बरे’ असा पुढे आला, आणि सिद्ध न झालेला मुख्य फरकही ‘28.6 टक्के लवकर’ म्हणून त्याच्या जोडीला उभा राहिला.

इथे चाचणीची रचना नीट पाहायला हवी. ही चाचणी उघडी होती. कोणाला गोळी मिळते आणि कोणाला नाही हे रुग्णालाही ठाऊक होते आणि डॉक्टरलाही. प्रयोगशाळेतल्या यंत्राला याने फरक पडत नाही, पण ‘आता खोकला कमी वाटतो का’ या प्रश्नाच्या उत्तराला पडतो. नवे महागडे औषध पोटात गेले आहे हे माहीत असलेला माणूस ‘हो, बरे वाटते’ थोडे लवकर म्हणतो, त्यात त्याचा लबाडपणा नसतो. म्हणजे अपेक्षेची सावली ज्या मोजमापावर पडत नव्हती त्यात औषध पास झाले नाही, आणि ज्यावर पडत होती त्यात झाले. शोधनिबंधात हे आकडे उघड छापलेले आहेत, लपवाछपवी नाही. लपले ते जाहिरातीत. शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी जुलै 2020 मध्ये किमतीबद्दल आणि दाव्यांबद्दल तक्रार केली, तेव्हा औषध महानियंत्रकांनी कंपनीकडे खुलासा मागितला. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांतही औषध उपयोगी असल्याच्या दाव्याबद्दल महानियंत्रकांच्या पत्रातला मुद्दा नेमका होता, की चाचणीची आखणी ते तपासण्यासाठी केलेलीच नव्हती. कंपनीने आरोप फेटाळले. नंतर अमेरिका, मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत फॅविपिराविर मुख्य कसोटीला उतरले नाही.

कोरोनिलच्या मागची चाचणी जयपूरच्या निम्स संस्थेत झाली. कागदावर तिची रचना फॅबिफ्लूच्या चाचणीपेक्षा एका बाबतीत सरस होती, हेही सांगायला हवे, कारण तिच्यात दुसऱ्या गटाला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय पुडी दिली होती आणि कोणाला काय मिळते हे झाकलेले होते. 100 जण घेतले. शेवटी हिशेबात औषधाचे 45 आणि दुसऱ्या गटाचे 50 राहिले. सातव्या दिवशी औषध घेतलेले सगळे 45 चाचणीत निगेटिव्ह, दुसऱ्या गटात 60 टक्के. तिसऱ्या दिवसाचा आकडा घोषणेत 69 होता, छापील निबंधात 71.1 झाला. पंचेचाळिसात एक रुग्ण इकडचा तिकडे गेला की एवढा फरक पडतो, यावरून नमुना किती लहान होता ते समजावे. ‘शंभर टक्के’चेही तसेच. संख्याशास्त्रात एक सोपा हिशेब आहे: जी गोष्ट अमुक इतक्या जणांत एकदाही घडली नाही ती पुढे फार तर किती घडू शकेल, हे काढायला तीनाला त्या संख्येने भागावे. 45 पैकी एकही अपयश नाही याचा अर्थ खरे अपयश शंभरात सहा-सातपर्यंत असू शकते. शिवाय जे 5 जण हिशेबात नाहीत ते औषधाच्याच गटातले. त्यांना बरे न झालेले धरले तर शंभराचे नव्वद होतात.

याहून मोठा प्रश्न, हे रुग्ण कोण होते? लक्षणे नसलेले किंवा अगदी किरकोळ लक्षणांचे. कोणी अत्यवस्थ नव्हते. ज्या चाचणीत कुणी मरणाच्या दारात नव्हते, ती मरण टळल्याचे काहीच सांगू शकत नाही. ती फार तर एवढेच सांगेल, की मुळात बरे असलेल्या लोकांच्या नाका-घशातून विषाणू काही दिवस आधी गेला. आपल्या शाळांतून राहिलेल्या चाकरमान्यांत कोणी काढा घेतला, कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या घेतल्या, कोणी नुसती पेज जेवून राहिले, आणि बहुतेक सगळे मुदत संपल्यावर धडधाकट घरी गेले. त्यातल्या कुठल्याही एका गोष्टीला श्रेय देता आले असते, कारण न घेणाऱ्यांशी तुलना कोणी केली नव्हती. जयपूरला तुलना केली, पण ती झाली अशाच, आपोआप बरे होणाऱ्या, माणसांत. दावा मात्र झाला कोरोना बरा करण्याचा. आयुष मंत्रालयाने त्या दिवशीच जाहिराती थांबवायला सांगितले आणि पुढे प्रतिकारशक्तीचे औषध म्हणूनच विक्रीला मुभा मिळाली. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत ते पुन्हा मांडले गेले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर करावे लागले, की कोरोनावरच्या कुठल्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता आपण तपासलेली वा प्रमाणित केलेली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो घाईचा. माणसे मरत असताना हजारोंच्या चाचण्यांची वाट पाहायची का? ‘रिकव्हरी’ चाचणी मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि जूनच्या मध्याला निकाल हाती होता. शंभर दिवसही लागले नाहीत, कारण रोजच्या रुग्णालयांतच, साध्या नोंदींवर ती चालवली. घाई असताना लहान, अपुरे अभ्यास करण्याला माझा विरोध नाही. त्यावर मोठे दावे बांधण्याला आहे. घाबरलेला माणूस तपासून पाहण्याच्या मनःस्थितीत नसतो, म्हणून साथीच्या दिवसांत बोलणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा असतो: आयुर्वेदाला ही परकी मोजपट्टी का लावता? याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर अनेक वर्षे काम केले. आपल्या कुंपणांवर चढणारी तीच गुळवेल, जी कोरोनिलमध्येही आहे. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेले अवघे 30 रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना गुळवेलीची जोड दिलेल्यांत मृत्यू स्पष्टपणे कमी दिसले. आकडे डोळे दिपवणारे होते, तरी लिहिणाऱ्यांनी दावा केला तो उपचाराची एक नवी दिशा दिसते आहे एवढाच. भगंदरावरच्या क्षारसूत्राची चाचणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर केली, 1991 मध्ये ती प्रसिद्ध झाली. क्षारसूत्राने आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण 4 टक्के, शस्त्रक्रियेने 11. आणि त्याच निबंधात हेही लिहिले आहे, की क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागतात, शस्त्रक्रियेने चार. आयुर्वेद तिथे कसोटीला उभा राहिला आणि जिंकला, तेही आपली उणी बाजू न लपवता. मोजपट्टी परकी म्हणणारे लोक त्याच मोजपट्टीचा ‘शंभर टक्के’ हा आकडा जाहिरातीत वापरतात, याचा खुलासा मात्र कोणी करत नाही.

तिसरा आक्षेप, नुकसान तर काही नाही ना, लोकांना धीर मिळतो. फॅबिफ्लूची 34 गोळ्यांची पट्टी 3500 रुपयांना होती. सांगितलेला 14 दिवसांचा पूर्ण डोस 122 गोळ्यांचा, म्हणजे सुरुवातीच्या दराने साडेबारा हजारांच्या घरात. आंबा-काजूच्या हंगामातच टाळेबंदी झालेल्या घरात ही रक्कम धीर देत नाही, कर्ज देते. आणि धीर फुकटचा असला तरी घातक ठरू शकतो. ‘सात दिवसांत बरे’ यावर विसंबून जो घरी थांबतो, त्याचा प्राणवायू घसरू लागल्यावर ओरोस किंवा बांबोळीचे रुग्णालय गाठायला लागणारा वेळ कुठली जाहिरात परत देत नाही. ज्या डेक्सामेथासोनने जीव वाचले त्याच्या जाहिराती कुणी केल्या नाहीत, कारण त्यात कमाई नव्हती.

कायदा आपल्यापुरते करतो. अशा जाहिरातींविरुद्ध 1954 चा औषधे व चमत्कारी उपाय कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल पतंजलीकडून वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापून घेतली, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये कोरोनिल कोरोनावरचा उपाय असल्याचे दावे काढून टाकायला सांगितले. घोषणेनंतर चार वर्षांनी. इथे आम्हा वर्तमानपत्रवाल्यांनाही अंग चोरता येणार नाही. अशा जाहिराती आमच्याच पानांवर येतात, आणि त्याच पैशावर हा स्तंभही छापला जातो.

म्हणून मागणी एकच आणि अमलात आणायला सोपी. भारतात 2009 पासून प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करावी लागते. किती रुग्ण, कोणाशी तुलना, मुख्य मोजमाप कोणते, हे तिथे लिहिलेले असते आणि ती नोंद कुणालाही पैसे न देता पाहता येते. ज्या जाहिरातीत ‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’ असे शब्द असतील, तिच्यात हा नोंदणी क्रमांकही छापलेला असावा. क्रमांक नसेल तर संपादकांनी ती जाहिरात परत पाठवावी आणि वाचकांनी औषध परत ठेवावे.