खिचडीचे दान कोणास?

लखनौजवळील मलिहाबाद आपणांस दशहरी आंब्यासाठी ठाऊक आहे. पौषाच्या थंडीत तेथील आमराया धुक्यात बुडालेल्या असतात. मोहोर अजून यावयाचा असतो. आपण ज्या दिवशी तिळगूळ वाटतो, त्या मकरसंक्रांतीस त्या प्रांती ‘खिचडी’ असेच म्हणतात. स्नानानंतर गृहस्थ तांदूळ, उडदाची डाळ, तीळ व गूळ दान करतो; घरातही त्या दिवशी खिचडीच शिजते.

हा दिवस उत्तरायणाचा मानला गेला. वास्तविक सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरास. अयनचलनामुळे संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणून पुण्यकाल लटका ठरतो काय? थंडी तर खरीच असते. अन्न व कांबळे देण्यास हा काल योग्यच होय.

अवघड प्रश्न पात्राचा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान देश, काल, पात्र पाहून, आणि ज्याचे आपणांवर उपकार नाहीत अशास द्यावे, असे सांगितले आहे. आता ज्येष्ठ-आषाढात आंबे उतरविणारा मजूर बागवानाच्या दारी उभा आहे व त्याची मजुरी अद्याप बाकी आहे, असे समजा. त्याच्या पदरात घातलेली खिचडी दान कशी म्हणावी? ती ऋणाची फेड, आणि तीही अपुरी.

आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना एका संक्रांतीस मी तिळगूळ व लुगडे मोठ्या समाधानाने दिले. महिन्याचे वेतन मात्र ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून सांगितले. लुगडे घेऊन त्या काही न बोलता गेल्या.