न सापडणे आणि नसणे

एखादी वस्तू शोधूनही सापडली नाही, एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणता येते काय, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे कोणत्या साधनांनी झालेले ज्ञान खरे मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्रात, शतकानुशतके चर्चिला गेला आहे. आणि केवळ करमणूक म्हणून खेळल्या जाणाऱ्या एका अलीकडच्या खेळाने तो नकळत पुन्हा उभा केला आहे. जिओकॅशिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात कोणी एक जण पाणी न शिरणाऱ्या डब्यात एक वही घालून तो डबा उघड्यावर, पण सहज नजरेस पडणार नाही अशा जागी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतरांनी उपग्रहांच्या आधारे तेथवर जायचे, डबा शोधून वहीत नाव व तारीख लिहायची आणि तो होता तसाच परत ठेवायचा असतो. जीपीएस उपग्रहांच्या नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धी अमेरिकेने मे २००० च्या आरंभी काढून टाकली, त्यामुळे शंभर मीटरांच्या घरातली चूक दहा-वीस मीटरांपर्यंत खाली आली, आणि लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला. डबा सापडला नाही तर तसेही नोंदवावे, असा या खेळात संकेत आहे. तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने यशाच्या नोंदीपेक्षा ही अपयशाची नोंदच अधिक विचार करण्याजोगी आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव अशा शोधाची कल्पना करण्यास सोयीचे आहे. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग या दोहोंवर हे गाव असल्याने परगावच्या माणसाला तेथे पोचणे कठीण नाही. परंतु रस्ता सोडताच धानाच्या बांध्या, लहान-मोठे तलाव आणि झाडीपट्टीचे जंगल सुरू होते, आणि तेथे रस्त्यावरचे ज्ञान पुरत नाही. अशा ठिकाणी उन्हाळ्यात ऐनाच्या मुळांशी, दगडांच्या सांदीत कोणी डबा ठेवला आणि शोधणारा आषाढात, दोन दिवसांची झड लागलेली असताना, तेथे गेला असे समजावे. या खेळात जागा मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे अक्षांशाच्या हिशेबाने दोन मीटरांहून कमी अंतरापर्यंत, सांगितली जाते. पावसाचे थेंब उपग्रहाच्या संकेताला फारसे अडवत नाहीत, पण भिजलेल्या पानांचे दाट छत त्याला क्षीण करते आणि खोडांवरून परतलेले संकेत मूळ संकेतात मिसळतात. त्यामुळे हातातल्या यंत्रावरचा बिंदू एका जागी ठरत नाही, कधी बांधीच्या या धुऱ्यावर तर कधी पलीकडच्या धुऱ्यावर जातो. उन्हाळ्यात उघडी असलेली सांद तरोट्याने झाकली गेलेली असते, खुणेचा दगड पाण्याखाली असतो, आणि चहूकडे रोवणी चालू असल्याने मनास येईल तेथे पाय टाकता येत नाही. संध्याकाळी शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि ‘सापडला नाही’ अशी नोंद करतो. या नोंदीतून नेमके काय सिद्ध झाले?

सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट यांनी अभावाच्या ज्ञानासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानले. त्यालाच अनुपलब्धी, म्हणजे वस्तूची जाणीव न होणे, असे म्हणतात, आणि पुढे अद्वैत वेदान्तानेही त्याचा स्वीकार केला. जमिनीवर घडा नाही हे कसे कळते, हे या चर्चेतले ठरलेले उदाहरण आहे. डोळ्यांचा संबंध जमिनीशी येतो, नसलेल्या घड्याशी येऊ शकत नाही. म्हणून घड्याच्या अभावाचे ज्ञान प्रत्यक्षाने होत नसून तो न दिसण्यानेच होते, असे भाट्ट मीमांसकांचे म्हणणे होते. नैयायिकांनी हे वेगळे प्रमाण नाकारून अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवले, तर बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी अनुपलब्धीला अनुमानाचा एक हेतू ठरवले. हा वाद येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की, एका अटीवर या परस्परविरोधी पक्षांचे बरेचसे एकमत दिसते: जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे तिच्या नसण्याला पुरावा होऊ शकते. या अटीला योग्यता म्हणतात. लख्ख उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही.

सौंदडच्या झडीतला शोध या अटीत बसत नाही हे उघड आहे, कारण डबा असता तरी तो दिसलाच असता असे म्हणण्यास वाव नाही. मात्र योग्यतेचा हा अभाव केवळ हवामानाकडे ढकलणे सोपे असले तरी बरोबर नाही. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात असा दृष्टान्त येतो की, जमिनीत पुरलेल्या सोन्याच्या ठेव्यावरून माणसे पुनःपुन्हा ये-जा करतात, पण त्या जमिनीची ओळख नसल्याने त्यांना तो मिळत नाही. तसेच सर्व जीव रोज ब्रह्मलोकाला जाऊनही, असत्याने ओढले गेल्यामुळे, त्याला जाणत नाहीत. या दृष्टान्तात पाऊस नाही, अंधार नाही, शोधणाऱ्याचे अंतरही शून्य आहे, आणि तरीही वस्तू सापडत नाही. उणीव शोधणाऱ्यात आहे. परगावच्या माणसाला जो धुरा सारखाच भासतो, तो कोणत्या जागी खचतो आणि पाणी कोठून फुटते हे तेथे परे लावणाऱ्या बाईला न पाहताही ठाऊक असते, आणि डब्याचे अक्षांश-रेखांश तिच्या कानी कधी आले नसले तरी तो शोधण्याची पात्रता तिच्याजवळ अधिक आहे. योग्यतेत वस्तू, परिस्थिती आणि पाहणारा हे तिन्ही मोडतात, आणि यांपैकी तिसऱ्याची झडती सर्वांत कमी वेळा घेतली जाते.

येथे एक अवांतर गोष्ट नोंदवावी लागते. बौद्ध विनयग्रंथांत वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याच्या नियमाचे, कारण असे सांगितले आहे की, भिक्षू पावसातही हिंडतात, हिरवे गवत तुडवतात आणि बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली होती; जैन साधूंचा चातुर्मासही याच काळजीतून आला आहे. सत्याचा शोध हे ज्यांचे जीवितकार्य होते त्यांनीही ऋतूपुढे पाय आवरले, तर डब्याच्या शोधासाठी दुसऱ्याची नुकती रोवलेली बांधी तुडवण्याचे समर्थन करणे अवघडच आहे.

न दिसण्यावरून नसणे ठरवण्याचा प्रश्न ईश्वराबाबतही येतो; पण लपवलेला डबा आणि ईश्वर यांच्या मधोमध महाराष्ट्रात शोधाचा आणखी एक प्रकार आहे. तेराव्या शतकातील चक्रधरांना ईश्वरावतार मानणाऱ्या महानुभाव पंथाने, त्यांचा वावर ज्या ज्या जागी झाला त्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’ या ग्रंथात केली. अमुक देवळाच्या अमुक दिशेला, अमुक दारासमोर, अशा शब्दांत ती स्थाने सांगितली आहेत, आणि अशा जागांवर ओटे बांधून त्यांना वंदन करण्याची रीत आजही चालू आहे. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत सौंदड ज्या भंडारा जिल्ह्यात होते, त्या भंडाऱ्याचे नाव नीळभट्ट भांडारेकार या चक्रधरांच्या अनुयायाशी जोडलेले आहे. काळाच्या ओघात खुणेची देवळे पडली, दारे बुजली, आणि पोथीतली दिशा कोठून मोजावी हाच प्रश्न काही ठिकाणी उभा राहिला. पण येथे दोन दावे एकमेकांत मिसळलेले आहेत. अमुक जागी ओटा किंवा पडके दार आहे, हा दावा पाहून तपासता येतो आणि म्हणून खोटाही ठरू शकतो. ईश्वरावताराचा त्या जागेशी संबंध आला, हा दावा मात्र पाहून तपासण्याचा नाही, तो आप्तवाक्यावर, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या शब्दावर उभा आहे. पंथातील म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवताना प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना गाठून विचारपूस केली, यावरून त्या पंथालाही या दोहोंतला फरक चांगला ठाऊक होता असे म्हणण्यास हरकत नाही.

ईश्वराच्या बाबतीत न दिसण्यावरून नसणे ठरते काय हा प्रश्न दहाव्या शतकातील मैथिल नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, थेट घेतला. ईश्वर दिसत नाही, म्हणून तो नाही, या आक्षेपावर त्यांचे उत्तर योग्यतेचेच आहे: जो इंद्रियांना दिसण्याजोगाच नाही त्याच्या न दिसण्याने त्याचे नसणे ठरत नाही. यावर प्रतिपक्षी म्हणतो की, मग सशाचे शिंगही नाकारता येणार नाही. उदयनांचे म्हणणे असे की, शिंग ही दिसण्याजोगी वस्तू आहे, म्हणून ते नाकारता येते. न दिसणारे सर्वच नसते असे मानणाऱ्या चार्वाकाची त्यांनी थट्टाही केली आहे: तो बिचारा घराबाहेर पडला की बायको, मुले, धन हे सगळे नाहीसे झाले असे समजून ऊर बडवत रडत बसेल, घरी परतणार नाही.

थट्टा मार्मिक असली तरी तिने काम पुरते होत नाही, कारण चार्वाकाची बायको घरी गेल्यावर दिसते. तसेच सौंदडच्या डब्याचे आहे. झड थांबेल, कार्तिकात धान कापले जाईल, तरोटा वाळेल, आणि त्या दिवशीही डबा मिळाला नाही तर ‘नाही’ असे म्हणण्याचा अधिकार शोधणाऱ्याला येईल. पावसाची सबब प्रामाणिक ठरते ती उघडीप कशी असेल हे सांगता येते म्हणून. ज्या वस्तूबाबत कोणत्याही ऋतूत उघडीप संभवत नाही, तिच्या बाजूने अयोग्यतेचा युक्तिवाद फार तर खंडन परतवू शकतो, मंडन करू शकत नाही. आणि श्रद्धावान माणूस बहुधा या दोन कामांत गल्लत करून, नाकारता न येण्यालाच आधार समजू लागतो. उदयनांनी ती गल्लत केली नाही. तिसऱ्या स्तबकात आक्षेप परतवल्यावर ते तेथे थांबले नाहीत, आणि जगाचे कार्य असणे, त्याचे धारण होणे, वेदांचे प्रामाण्य इत्यादी हेतू पाचव्या स्तबकात मांडून ईश्वराच्या अस्तित्वाचा भार त्यांनी अनुमानावर ठेवला. ते हेतू आज टिकतात की नाही हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे, आणि त्या चर्चेत चार्वाकाला पहिल्यापेक्षा पुष्कळच अधिक बोलता येईल.