दूर राहणाऱ्याचा अधिकार

ज्यानें देश सोडला त्यानें त्या देशाच्या दोषांविषयीं बोलूं नये, असें पुष्कळदां म्हटलें जातें. परदेशीं सुखांत राहून घरच्यांना बोल लावणें सोपें असतें, हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तथापि तो कोठवर टिकतो हें पाहण्यास पाउला रेगो या पोर्तुगीज चित्रकर्त्रीचें उदाहरण उपयोगी आहे.

बाईंचा जन्म १९३५ सालीं लिस्बन येथें झाला. गोमंतकामुळें सालाझारचें नांव आपल्या लोकांस ठाऊक आहे. त्याच्याच राजवटींत त्या वाढल्या. हा देश स्त्रियांना राहण्याजोगा नाहीं, असें वडिलांचें मत होतें. त्यांनीं मुलीला इंग्लंडांत धाडलें. लंडनच्या स्लेड कलाशाळेंत शिक्षण झाल्यावर कांहीं वर्षें एरिसेइरा या समुद्रकांठच्या कोळ्यांच्या गांवीं गेलीं. पुढें लंडन हेंच कायमचें घर झालें, व २०२२ सालीं तेथेंच त्या वारल्या.

जून १९९८ मध्यें गर्भपात कायदेशीर करावा कीं नाहीं यावर पोर्तुगालांत जनमत घेण्यांत आलें. विरोधकांची सरशी अगदीं थोड्या मतांनीं झाली. परंतु मत द्यावयास सुमारें ३२ टक्केच मतदार आले होते. बाईंना संताप आला तो या उदासीनतेचा. चोरून केलेल्या गर्भपातानें बायकांचे काय हाल होतात तें त्यांनीं एरिसेइरांत पाहिलें होतें. विद्यार्थिदशेंत स्वतःही त्या प्रसंगांतून गेल्याचें त्यांनीं पुढें उघड सांगितलें. त्यांनीं प्रथम पेस्टलचीं मोठीं चित्रें काढलीं, आणि १९९९ सालीं तोच विषय धातूच्या पत्र्यावर घेतला. पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, सुईनें तो खरवडून आकृति काढावयाची व पत्रा अम्लांत सोडावयाचा. जेथें धातु उघडा पडला तेथें अम्ल तो खातें, आणि त्या खांचेंत भरलेली शाई कागदावर उमटते. पेस्टलचें चित्र एकाच भिंतीवर राहतें. पत्र्यावरून अनेक ठसे निघतात व चार ठिकाणीं जातात. बाईंना तेंच हवें होतें.

या ठशांत रक्त नाहीं. शाळेच्या गणवेशांतील मुलगी, पलंग, बादली, आणि कांहींत पाहणाऱ्यावर सरळ रोखलेली नजर. त्या नजरेंत दयेची याचना मुळींच नाहीं. मालिकेला शीर्षकहि नाहीं; आमच्या मतें तें योग्यच झालें, कारण दुसरीचें गुपित नांवानिशीं सांगण्याचा अधिकार चित्रकाराला कोणी दिलेला नसतो.

दूर असणाऱ्याला धोका कमी, हें खरें. पण तेवढ्यानें त्याचें म्हणणें खोटें ठरत नाहीं. जिला घरीं तोंड उघडतांच कायद्याचें व अब्रूचें भय, तिच्या वतीनें निर्भय माणसानें बोलूं नये तर कोणी बोलावें? शिवाय वास्तव्यानें अधिकार मिळत असेल, तर तो वापरण्याचें कर्तव्यही वास्तव्यानेंच येतें. आणि त्या दिवशीं देशांत राहणारे दोन-तृतीयांशांहून अधिक मतदार घरीं बसले होते. एक अट मात्र आम्ही घालूं. घरचीं लक्तरें परक्यांस दाखवून शाबासकी मिळविणें निराळें, आणि घरच्यांच्या तोंडावर बोलणें निराळें. बाईंनीं ही अट पाळली: १९९९ सालींच हीं चित्रें लिस्बन येथें गुलबेंकियन प्रतिष्ठानांत मांडलीं गेलीं.

फेब्रुवारी २००७ मध्यें पुनः जनमत झालें. सुमारें ५९ टक्के मतें बाजूनें पडलीं व कायदा बदलला. त्याही वेळीं निम्म्याहून अधिक मतदार मत द्यावयास आले नव्हते.